कूलरवाल्याच्या घरचा उन्हाळा

ब्रह्मपुरीत मे महिना लागला की लोकांना रफीकची आठवण येते. एरवी वर्षभर समोरासमोर आले तरी मान वळवून जाणारे लोक या दिवसांत लांबूनच हाक मारतात, "काय रफीकभाऊ, जेवण झालं का?" जेवणाची चौकशी ही नुसती प्रस्तावना. मागे कूलरचा पंप तरी अडकलेला असतो, नाहीतर ताट्या तरी सडलेल्या असतात. कूलरच्या जाळ्यांत जे गवत भरतात त्याला इकडे ताट्या म्हणतात. त्या उन्हाळ्याआधी बदलून घ्याव्यात एवढी अक्कल सगळ्यांना असते, पण शुद्ध येते ती अंगाची लाही झाल्यावरच. मग सगळं गाव एकदम रफीकच्या दारात.

त्या उन्हाळ्यात रफीक फार दमला होता. दिवसभर पत्रे कापायचे, लोकांच्या खिडक्यांना लटकून मोटारी काढायच्या, पाण्याच्या टाक्यांतला गाळ उपसायचा, आणि घरी यावं तर घरात बाळंतीण. लेकरू रडायचं, ते निजलं की शिरीन रडायची, आणि दोघी गप्प झाल्या की रफीकच्या आईचा, खुर्शीदाबाईचा, खोकला सुरू व्हायचा. माणसानं झोपायचं कुठं आणि कधी? दुकानातल्या नव्या कूलरच्या खोक्यावर डोकं टेकून तो दुपारी घटकाभर डोळे मिटायचा, तेवढीच त्याची झोप.

पण कितीही दमला तरी एक काम त्यानं कधी चुकवलं नाही. दुकानासमोरच्या कडुलिंबाला त्यानं एक पांढरी पेटी टांगली होती. जुन्या कूलरच्या झडपा वापरून केलेली, चारी बाजूंनी वारा खेळेल अशी. तिच्यात थर्मामीटर. रोज दुपारी, ऊन ऐन भरात आलं की रफीक हातातलं काम टाकून पेटीपाशी जायचा आणि पारा पाहायचा. मग चंद्रपूरला जाहिदला फोन लावायचा. जाहिद त्याचा मामेभाऊ, तिकडे मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो आणि उन्हाच्या बाबतीत तितकाच खुळा. फोनवर सलाम नाही, दुआ नाही.

"किती?"

"शेहेचाळीस. तुह्याकडं?"

"अर्ध्यानं जास्त."

जाहिदचा आकडा जास्त निघाला की रफीकचं तोंड उतरायचं. देशात सगळ्यात गरम कोण, या मानासाठी चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी दर उन्हाळ्यात झटतात. तो मान मिळून कुणाचं भलं झालं ते विचारू नये. कशाचा तरी पहिला नंबर असला म्हणजे झालं.

हे वेड लहानपणापासूनचं. गिरणीचे पत्रे उडवत नेणाऱ्या वावटळीमागे तो अनवाणी धावला होता. वैनगंगेला पूर आला की शाळा सोडून पुलावर जाऊन उभा राहायचा आणि घरी आल्यावर मार खायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी गारपीट झाली, तेव्हा लिंबाएवढी गार जेवणाच्या डब्यात घालून तो सायकल हाणत घरी आला होता, नव्या नवरीला दाखवायला. घरी पोचेपर्यंत ती बोराएवढी झाली होती. शिरीन वडशाची, तिथं बापाचं तांदळाचं दुकान, तिनं गारा काय पाहिल्या नव्हत्या? पण ती तळहातावर गार घेऊन खूप हसली. पुढे कुणी विचारलं की नवरा कसा आहे, तर ती तीच गोष्ट सांगायची.

त्यानंतर बरीच वर्षं घरात पाळणा हलला नाही. नागपूरच्या डॉक्टरांपासून दर्ग्यापर्यंत सगळं झालं. आणि मग एकदाची या वैशाखात, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात जाळणारे नऊ दिवस, लागायच्या थोडं आधी, उमेरा झाली. शिरीनची आई केव्हाच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. खुर्शीदाबाईनं पदर खोचला आणि मधली खोली ताब्यात घेतली.

ही मधली खोली म्हणजे रफीकचा अभिमान. बापाच्या वेळेला घरावर मातीचे कवेलू होते, म्हणजे कौलं. कवेलूत गरिबी दिसते म्हणून त्यानं दोन वर्षांपूर्वी ते उतरवले आणि स्लॅब टाकला. खोलीला खिडकी नाही. आत येण्याच्या दाराखेरीज मागच्या अंगणात उघडणारं एक दार, त्याला खुर्शीदाबाईनं जाड गोधडी लावून टाकली. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात ओवा. लेकराला झबलं, टोपडं, वर दुपटं, त्यावर शाल. चाळीस दिवस बाळंतिणीला आणि लेकराला वारा लागता कामा नये. त्यांच्यात असंच करत आले होते. मग तो चिल्ला पौषात येवो की वैशाखात, खुर्शीदाबाईच्या कायद्यात फरक नाही.

समोरच्या खोलीत रफीकच्या हातचा कूलर होता, दाराएवढा, दोन पंप लावलेला. तो त्या दिवसांत आडवा करून झाकून ठेवला होता. सगळ्या गावाला गारवा देणाऱ्याच्या घरी कूलर बंद, हे ऐकून लोक हसायचे. रफीक हसत नसे. त्यामागचं कारण त्याला लहानपणापासून माहीत होतं.

रफीकच्या आधी खुर्शीदाबाईला एक मुलगी झाली होती, जमीला. रफीकचे वडील करीमभाई तेव्हा वाळ्याच्या ताट्या विणायचे. तहसील कचेरीच्या, बँकेच्या दारांना त्या लावायच्या आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारायचं, असा तो धंदा. मग नागपूरहून कूलर आले. करीमभाईनं वारा ओळखला, ताट्या सोडल्या आणि ब्रह्मपुरीतला पहिला पत्र्याचा कूलर स्वतः बनवून घरात लावला. कौतुकानं जमीलाला त्याच्यासमोर निजवलं. तिच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. करीमभाईनं पुढे आयुष्यभर कूलर विकले, त्यावर घर चालवलं, पण खुर्शीदाबाई कधी कूलरसमोर बसली नाही. ऐन उन्हाळ्यात पाहुणे समोरच्या खोलीत गार वाऱ्यात सरबत प्यायचे आणि ही मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत, विंझणा हलवत बसलेली.

म्हणून रफीक बोलत नव्हता. एकदाच भीतभीत म्हणाला होता, "अम्मी, दार तरी उघड थोडं. लय गरम होऊन राह्यलं."

"कूलरची हवा लेकराच्या छातीत बसते," ती म्हणाली. "माह्या एका लेकराच्या बसली, पुरे झालं. चाळीस दिवस काढ. तूबी असाच निंगाला हायेस."

शिरीननं त्याच्याकडे पाहिलं. तो पुढे काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. तो पाना घेऊन दुकानात निघून गेला. आईला दुखवायचं नव्हतं हे खरंच, पण त्याहून खरं म्हणजे भांडायची ताकदच त्याच्यात उरली नव्हती. आणि मनाशी त्यानं एक समजूत घालून घेतली होती. ऊन बाहेर असतं. पारा बाहेर चढतो. घर म्हणजे शेवटी सावलीच.

नवतप्यातला तो दिवस उजाडला तोच मुळी तापलेला. सकाळीच वारा पश्चिमेचा सुटला. कावळे नळाखाली चोच उघडून बसले. दुपारी रफीकनं पेटी उघडली आणि त्याचे डोळे मोठे झाले. पारा सत्तेचाळीसच्या पुढे गेला होता आणि अजून थांबलेला नव्हता. त्यानं जाहिदला फोन लावला. आकडा ऐकून जाहिद म्हणाला, "घेतला भाई तू या वर्षी." रफीकला एवढा आनंद झाला की त्याच्या अंगातला थकवा त्या घटकेला गेल्यासारखाच वाटला.

पुढे भर पडली ती टीव्हीवाल्यांची. नागपूरहून कुठल्याशा चॅनलची गाडी गावात आली होती आणि कुणीतरी त्यांना कडुलिंबाची पेटी दाखवली. माइक घेतलेला तरुण माणूस रुमालानं तोंड पुसत म्हणाला, "थर्मामीटर ठीक आहे, पण लोकांना बघायला काहीतरी पाहिजे. अंडं मिळेल का? पत्र्यावर फोडू. शिजताना दाखवू."

बाजार बंद, दुकानं बंद. पण रफीकच्या घरी अंडी होती. शिरीनसाठी खुर्शीदाबाईनं गावठी कोंबडीची अंडी मुद्दाम सांगून आणवली होती. रफीक धावतच घरी गेला.

मधल्या खोलीत अंधार होता आणि ओव्याच्या धुराचा वास. अंडी खाटेजवळच्या फडताळात होती. त्यानं हात घातला तशी शिरीन म्हणाली, "अहो, हिले पाहा ना. सकाळपासून दूध वढून नाई राह्यली. रडतबी नाई. नुसती पडून हाय."

रफीकनं पाहिलं. खरंतर पाहिलं असं म्हणता येणार नाही, त्या बाजूला मान वळवली एवढंच. शालीच्या गुंडाळ्यातून एवढंसं लाल तोंड दिसत होतं.

"उन्हानं सुस्तावली असन. सारं गाव सुस्तावलं हाय. मी आलोच पाच मिनटात."

"अंडं कायले?"

"टीव्हीवाल्यायले पाहिजे."

तो अंडं मुठीत धरून बाहेर पडला. तिनं हाक मारली असती तर तो थांबला असता असं त्यानं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण तिनं सांगायचं ते सांगितलं होतं. आणखी काय सांगायचं राहिलं होतं?

अंडं पत्र्यावर फोडलं. ते पसरलं, उताराच्या बाजूला ओघळलं, कडेला थोडं पांढुरकं झालं आणि तसंच राहिलं. माइकवाला म्हणाला, "बोला, शिजतंय म्हणून." रफीक कॅमेऱ्यात पाहून म्हणाला, "शिजून राह्यलं." भोवती जमलेली माणसं हसली. मग त्याला थर्मामीटर पेटीतून काढून हातात धरायला लावलं, मग कडुलिंबाखाली उभं केलं, मग कूलरशेजारी. गाडी गेली तरी लोक हटेनात. कुणी चहा सांगितला, कुणी पाठीवर थाप मारली. आयुष्यभर कूलरवाला म्हणून हाका मारणारे लोक आज त्याला विचारत होते, कधी लागेल टीव्हीवर? पाच मिनिटं अशी दुपारभर लांबली. अंडं गल्लीतल्या कुत्र्यानं चाटून साफ केलं.

दिवे लागायच्या वेळेला तो थर्मामीटर खिशात घालून घरी आला. शिरीनला दाखवायचा होता. मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तोंडावर भट्टी उघडल्यासारखी वाफ आली.

गिऱ्हाइकांना तो स्वतःच सांगायचा, स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दिवे लागल्यावर ओकतो. शंभर घरांत सांगितलं असेल. आपल्याही डोक्यावर स्लॅब आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

खुर्शीदाबाई लेकराला आणखी एका दुपट्यात गुंडाळत होती. "ताप भरला," ती म्हणाली, "कुठून तरी हवा लागली. तूच दुपारी दार उघडं टाकून गेलास." शिरीन भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे डोळे कोरडे होते. रफीकनं लेकराच्या गालाला बोट लावलं आणि चटकन काढलं. ओठ सुकलेले. टाळू खाली बसलेली. मान धरावी तिकडे कलत होती.

खिशातून काढलेला थर्मामीटर त्याच्या हातात तसाच होता. सवयीनं त्यानं पाहिलं. बाहेर केव्हाच उतरायला लागलेला पारा या खोलीत चाळिशीच्या खाली यायला तयार नव्हता.

त्यानं लेकराला उचललं. "अम्मी, सोड," एवढंच म्हणाला. शेजारच्या हरिदासनं ऑटो काढला आणि ते दवाखान्यात पोचले. तिथं रीता नावाची नर्स होती, तीही दिवसभराच्या कामानं आंबून गेलेली. तिनं आधी शाल काढली, मग दुपटी, मग टोपडं, मग झबलं. प्रत्येक कपड्याबरोबर तिच्या कपाळावर एक आठी वाढत गेली.

"भाऊ, नवतपा हाय का पूस?" ती म्हणाली. "लघवी कवा केली होती हिनं?"

"सकाळी," शिरीन म्हणाली.

"हा आजार-बिजार नाई. खोली तापली, तिच्यात लेकरू तापलं. आणखी उशीर केला असता तं..." ओल्या फडक्यानं ती उमेराचं अंग पुसायला लागली. डॉक्टर आले, एवढ्याशा हाताला सुई लागली, नळी लागली. उमेरा सुईला रडली नाही. रफीक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. देवाकडे काय मागावं ते त्याला सुचेना. ती रडू दे, एवढंच तो मागत होता.

बऱ्याच वेळानं ती रडली. बारीक, किरट्या आवाजात. रफीक बाकावर बसला. शिरीन शेजारीच होती. मग समोर पाहतच शिरीननं विचारलं, "अंडं शिजलं का?"

"नाई."

"मंग काय केलं त्याचं?"

"कुत्र्यानं खाल्लं."

तिनं मान हलवली, बाजारात एखाद्या वस्तूचा भाव ऐकून हलवावी तशी. ती ओरडली असती, तिनं त्याला मारलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. त्या रात्री चॅनलवर त्याचं तोंड दिसलं म्हणे. गावातल्या लोकांनी फोन केले. त्यानं एकही उचलला नाही.

उमेराला सोडलं तेव्हा रीताबाईनं बजावलं होतं, खोली गार पाहिजे, अंगावर एक कपडा पुष्कळ, घडोघडी पाजायचं, आणि ती शेगडी पहिले बाहेर फेका. घरी येताच रफीकनं झाकलेला कूलर उभा केला आणि मधल्या खोलीकडे ओढायला लागला. खुर्शीदाबाई उंबऱ्यावर आडवी बसली.

"ने. माह्या आंगावरून ने."

"अम्मी, सिस्टर काय म्हणाली ते आयकलं ना तू?"

"आयकलं. शेगडी काढली मी. शालबी काढली. चुकलं माह्यं. पण कूलर नाई. हे पत्र्याचं धूड पाह्यलं का मले जमीला दिसते. मी काय करू? सांग, मी काय करू?"

शिरीन लेकराला घेऊन अंगणात उभी होती. दमलेल्या आवाजात ती म्हणाली, "तुमी दोघं भांडा सावकाश. मी वडशाले जातो. अब्बाच्या घरी कवेलू हाय, मागं आंबा हाय. बॅग भरून ठेवतो, उद्या पहिल्या गाडीनं निंगतो." ती रागानं बोलत नव्हती म्हणून रफीकला जास्त भीती वाटली. तिनं खरंच बॅग काढली आणि लंगोट भरायला लागली.

रफीक कूलर ओढायचा थांबला. त्याच्याच्यानं तो पुढेही ढकलवेना आणि मागेही नेववेना. तो तिथंच, कूलरच्या टाकीवर बसला, आणि एवढा मोठा माणूस हातांत तोंड घालून रडला. आईसमोर तो बापाच्या मयतीलाही असा रडला नव्हता. खुर्शीदाबाई त्याच्याकडे पाहत राहिली.

"अम्मी," त्यानं तोंड पुसत विचारलं, "जमीला गेली तवा दिवस कोणते होते?"

तिनं बराच वेळ आठवलं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी तिला गप्प राहा, विसर, एवढंच सांगितलं होतं.

"पाऊस लागला होता," ती म्हणाली. "झड होती. सारं ओलं होतं. पण तुह्या अब्बाले कूलर बंद करू वाटेना. येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवायचा होता."

रफीकनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांसमोर पत्र्यावर ओघळणारं अंडं आलं. दाखवायचं होतं. बाप आणि लेक, दोघांना दाखवायचंच होतं.

"आन मी कवाचा?"

"तू जेठातला. याच्याहून जास्त ऊन होतं, मले विचार. मी कूलर लावू देत नव्हती, मंग तुह्या अब्बानं जुना धंदा काढला. मागच्या दाराले वाळ्याची ताटी लावून देली. मीच पाणी मारत होती तिच्यावर. तू आतमंधी निजून राहत होता मस्त." बोलता बोलता ती थांबली. मागच्या दाराला लावलेल्या गोधडीकडे तिनं पाहिलं. मग उंबऱ्यावरून उठली, गुडघ्याला हात लावत, आणि म्हणाली, "दुकानात वाळा हाय का?"

वाळा होता. जुन्या वळणाची काही गिऱ्हाइकं अजून कूलरला वाळाच मागतात. रफीकनं गठ्ठा आणला, बांबूच्या कामट्या आणल्या, आणि माय-लेक अंगणात बसले. विणायचं असतं कसं ते रफीकनं बापाच्या हातांत पाहिलं होतं, पण त्याच्या हातांना पत्र्याची सवय. खुर्शीदाबाईनं त्याची गाठ ओढून पाहिली तर ती सुटली.

"अशा गाठी मारून राह्यला तं ताटी सांजपर्यंत अंगणात पडन," ती म्हणाली. "हो तिकडं. नुसता धरून ठेव."

त्यानं धरून ठेवलं. करीमभाईबरोबर ताट्या विणलेली तिची बोटं आता वाकडी झाली होती, पण काम विसरली नव्हती. शिरीन भरलेली बॅग शेजारी ठेवून भिंतीच्या सावलीत बसून पाहत होती, आणि तिच्या मांडीवर उमेरा एका पातळ झबल्यात हातपाय हलवत होती.

गोधडी निघाली, ताटी लागली. पश्चिमेचा तोच वारा, जो सगळ्या गावाला भाजत होता, तो ओल्या वाळ्यातून आत यायला लागला. खोलीभर वास पसरला. खुर्शीदाबाई बाहेर पाटावर बसली, बादली जवळ घेतली आणि लोट्यानं पाणी मारायला लागली, मघाशीच थांबवलेलं काम पुन्हा हातात घ्यावं तशी. रफीक विहिरीवरून बादल्या आणत राहिला. लोकांचे फोन वाजत होते. कुणाचा पंप अडकला होता, कुणाची ताटी सडली होती. आज दुकान बंद, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं, ऐन नवतप्यात, आणि पहिल्यांदाच त्याला त्याचं काही वाटलं नाही.

आत जाऊन त्यानं खाटेजवळच्या खिळ्याला थर्मामीटर टांगला. शिरीन लेकराला पाजत होती. चुटूचुटू आवाज येत होता. पाजता पाजताच तिचे डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिला अशी झोप लागली होती. बॅग खाटेखाली होती, भरलेली. तिनं ती उघडली नव्हती आणि रफीकनंही तिला विचारलं नाही.

"किती हाय?" बाहेरून खुर्शीदाबाईनं विचारलं. उभ्या जन्मात तिनं त्याच्या थर्मामीटरला कवडीची किंमत दिली नव्हती.

"बत्तीस."

"अजून उतरते का?" असं म्हणत तिनं आणखी एक लोटा मारला.

दुकानासमोर कडुलिंबाच्या पेटीपाशी दोघंचौघं येऊन गेले. झडप उघडून पाहिली तर आत नुसता खिळा. टीव्हीवर आल्यापासून भाव वाढला बुवा, असं म्हणत ते निघून गेले.

ऊन ऐन भरात आलं तसा फोन वाजला. जाहिदचा. रफीक रिकामी बादली घेऊन दारातच टेकला होता. पाठ मोडून आली होती, बोलायचंही जिवावर आलं होतं, तरी त्यानं उचलला.

"किती?" जाहिदनं विचारलं.

रफीकनं ताटीच्या फटीतून आत पाहिलं.

"बत्तीस," तो म्हणाला.

जाहिद हसेल, थर्मामीटर फुटला का म्हणून विचारेल, असं रफीकला वाटलं. पण जाहिदलाही लेकरं होती, हा आकडा घरातला आहे हे त्यानं ओळखलं. हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "पोट्टी कशी हाय, भाई?"

उमेरा झाल्यापासून हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं.

"दूध पिऊन राह्यली," रफीक म्हणाला. चंद्रपूरचा आकडा त्या दिवशी जाहिदनं सांगितला नाही, आणि रफीकनंही विचारला नाही.